गाथेत नसलेला अभंग

मंडळाच्या भक्तिसंगीताच्या कार्यक्रमात ‘आधी बीज एकले’ हे गीत आले नाही असे वर्ष विरळाच. पेटीवर सूर लागतो, निवेदक माइकपाशी येतात आणि सांगतात, “आता ऐकू या, संत तुकाराम महाराजांचा अभंग.” श्रोते मान डोलावतात. ज्येष्ठ मंडळी बसल्या जागी गुणगुणू लागतात आणि धाकटी नातवंडेही दुसऱ्या खेपेला ध्रुवपद धरतात.

पण हा अभंग तुकाराम महाराजांचा नाही. देहूची गाथा घ्या किंवा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात निघालेली सरकारी आवृत्ती घ्या, साडेचार हजारांहून अधिक अभंगांत तो कुठेही सापडणार नाही. ही रचना कवी शांताराम आठवले यांची आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटासाठी त्यांनी ती लिहिली, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. तुकोबांच्या वाणीचे अभ्यासकही ती ऐकून फसले, असे तेव्हापासून सांगितले जाते.

एका बोलपटातल्या ओळी लोकांनी उचलून संताच्या ओंजळीत नेऊन ठेवल्या. हे कसे घडले, त्या ओळी आजही का टिकल्या आहेत आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात विचार करण्याजोगे काय आहे, ते या लेखात पाहू.

प्रभात कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच प्रभातची जागा. दामले आणि फत्तेलाल ही जोडी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली. एक ब्राह्मण, दुसरे मुसलमान, आणि कंपनीतले सगळे दोघांनाही ‘मामा’ म्हणत. फत्तेलाल तर ‘साहेबमामा’. नेपथ्य, छायाचित्रण, ध्वनी अशी पडद्यामागची कामे दोघांनी वर्षानुवर्षे केली होती. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन या दोन मामांनी मिळून केले.

आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला होता. त्यात एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व होते आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे. मराठी रंगभूमीचा सर्वांत लाडका आवाज पडद्यावर आला, तरी रंगभूमीवरची जादू तिथे उतरली नाही. ‘तुकाराम’साठी निवड झाली ती विष्णुपंत पागनीस यांची. तेही एके काळी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करीत, पण पुढे भजनात रमले होते. त्यांच्या हालचालींतला स्त्रीभूमिकांचा मऊपणा पाहून दिग्दर्शक सुरुवातीला साशंक होते असे म्हणतात. पडद्यावर तोच मऊपणा तुकोबांचे मार्दव होऊन उतरला. पुढे पागनीसांची आणि तुकोबांची मुद्रा लोकांच्या मनात इतकी एक झाली की त्यांचे या वेषातले छायाचित्र काही घरांत देव्हाऱ्याशेजारी गेले.

संगीत केशवराव भोळे यांचे होते. नाट्यसंगीत म्हटले की ताना, आलाप आणि ‘वन्स मोअर’ अशी सवय असलेल्या काळात भोळ्यांनी तुकोबांच्या तोंडी साधी, सरळ, भजनी चाल ठेवली. टाळ, चिपळ्या, एकतारी यांच्या जगातलीच ती वाटते. अशी चाल गायला तयारीचा गळा लागत नाही. दळणाऱ्या बाईला ती म्हणता येते आणि बैल हाकणाऱ्या गड्यालाही. चित्रपटात याच्या उलट उभा केला आहे तो सालोमालो. तो तुकोबांचेच शब्द घेतो, पण नाटकी हरकती घेत, समोरच्यावर छाप पाडण्यासाठी गातो. शब्द तेच राहतात आणि त्यांतला जीव निघून जातो. कशाला भक्ती म्हणायचे आणि कशाला तिचे प्रदर्शन, हे एका शब्दाचेही प्रवचन न देता प्रेक्षकाच्या कानाला कळते.

कथा आणि संवाद शिवराम वाशीकर यांचे. महिपतीबुवांनी ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांत सांगितलेली तुकोबांची चरित्रकथा मराठी घरांत पोथीच्या रूपाने आधीच पोहोचलेली होती. वाशीकरांनी तिला घरातली बोली दिली. या बोलीचा खरा मान जातो जिजाईकडे. ही भूमिका केली गौरी यांनी. त्या नाटकात घडलेल्या नटी नव्हत्या, प्रभातमधल्याच साध्या कामांतून पुढे आलेल्या होत्या. नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला आणि घरात दाणा नाही, म्हणून ती विठ्ठलाला नावे ठेवते. मूल आजारी पडते तेव्हा ती त्याला घेऊन तडक देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन देवाला जाब विचारते. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी त्याचा घसा दाटतो. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाले, तरी ती आपली चुलीपाशी, पोरांच्या जेवणाच्या काळजीत. संताइतकीच, किंबहुना कणभर जास्त, ही बाई लक्षात राहते. एक सदेह वर जातो आणि दुसरी जमिनीवर पाय रोवून संसार सांभाळते. या दोघांच्या मधल्या जागेत चित्रपटातली गाणी उभी आहेत. म्हणून ती नुसती देवाची गाणी राहत नाहीत, घराचीही होतात.

आता आठवल्यांकडे वळू. चित्रपटात तुकोबांचे मूळ अभंग आहेत आणि त्यांच्या शेजारी आठवल्यांच्या रचना. हे काम केवढे अवघड! एकाच पंगतीत तुकोबांचे पान आणि आपले पान मांडायचे, आणि जेवणाऱ्याला चवीतला फरक कळू द्यायचा नाही. असे काम करताना दोन चुका सहज होतात. एक म्हणजे जुने शब्द हौसेने पेरायचे, त्यामुळे भाषा पोशाखी होते. दुसरी म्हणजे ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा शेवटी चिकटवून काम भागवायचे. आठवल्यांनी दोन्ही टाळले. ‘आधी बीज एकले’ या गीतात ‘तुका म्हणे’ नाही. स्वतः कवीने ते तुकोबांच्या नावावर घातलेले नाही. ते घातले आपण, ऐकणाऱ्यांनी.

मग ऐकणाऱ्यांना ते तुकोबांचे का वाटले? पहिले कारण शब्दांचे. बीज, अंकुर, रोप, झाड, फूल, फळ. यातल्या एकाही शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. तुकोबा कुणब्याच्या अनुभवातून बोलतात. शेत, पेरणी, रास, बाजार, उधारी हे त्यांचे दाखले असतात. आठवल्यांनी तीच पायवाट धरली.

दुसरे कारण विचाराचे. एका दाण्यातून कोट्यवधी झाडांचा पसारा उभा राहतो, पण मूळचे एकपण त्यात हरवत नाही, हा विचार एका कवीचा नव्हेच. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला त्याचे वडील वडाचे फळ फोडायला सांगतात, मग आतले बी फोडायला सांगतात आणि त्यात काही दिसत नाही म्हटल्यावर, त्या न दिसणाऱ्यातूनच हा एवढा वड उभा आहे असे समजावतात. ज्ञानेश्वरीत बीज आणि वृक्ष यांचे दृष्टांत ठिकठिकाणी आहेत. आणि आपल्या बडोद्याच्या वाचकांना तर लांब जायला नको. शाळेत गुजराती शिकलेल्या प्रत्येकाने नरसिंह मेहतांची प्रभातिये ऐकली आहेत. ‘अखिल ब्रह्मांडमां’ या त्यांच्या पदात बीज आणि वृक्ष यांचे हेच नाते आहे. शिवाय दागिन्यांची नावे निराळी झाली तरी सोने ते सोनेच, हा दाखलाही त्यात येतो. जुनागढचा नागर भक्त, देहूचा वाणी आणि पुण्याच्या स्टुडिओत गीते लिहिणारा तरुण कवी, तिघांनी एकाच कणगीतले बी उचलले. ऐकणाऱ्याला ते ओळखीचे वाटले, कारण ते खरोखरच ओळखीचे होते. तुकोबांच्या नावाची चिठ्ठी नंतर लागली.

तिसरे कारण जागेचे. ओळी पागनीसांच्या मुखातून आल्या, त्यांच्या चेहऱ्यावर त्या खोट्या वाटल्या नाहीत आणि भोळ्यांच्या चालीने त्यांना कुणाच्याही गळ्यात बसवले. कवी, संगीतकार आणि नट, तिघांपैकी कोणीही स्वतःला पुढे केले नाही. गाणे तेवढे पुढे आले.

इथे एक गंमत आहे आणि ती सहज निसटून जाण्यासारखी आहे. या चित्रपटातला खलनायक कोण? दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो. हे पात्र हवेतून आणलेले नाही. खुद्द गाथेत सालोमालोचा उल्लेख येतो आणि दुसऱ्याच्या शब्दांवर पोट भरणाऱ्यांचा तुकोबांनी खरपूस समाचार घेतला आहे. चित्रपटात हा सालोमालो उलटा आरोप करतो की तुकारामानेच माझ्या कविता चोरल्या. तो रामेश्वरशास्त्रींना आणतो आणि प्रकरण वह्या इंद्रायणीत बुडवण्यापर्यंत जाते. म्हणजे सबंध चित्रपटाचा पेच ‘हे शब्द कोणाचे?’ या एका प्रश्नावर उभा आहे. आणि नेमक्या त्याच चित्रपटातल्या एका गीताच्या बाबतीत आपण सगळे मिळून शब्द कोणाचे हे विसरून गेलो! सालोमालोने दुसऱ्याचे आपल्या नावावर घेतले. आठवल्यांचे आपण दुसऱ्याच्या नावावर टाकले. हेतू वेगळा, पण एका कवीचे नाव दोन्हीकडे पुसले गेले.

वारकरी परंपरेत यावर एक उत्तर तयार आहे. अभंग कोणाचे? पांडुरंगाचे. तुकोबांनी स्वतः सांगितले आहे की नामदेवराय विठ्ठलाला घेऊन स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांचा त्यांचा अपुरा राहिलेला संकल्प पुरा करण्याची आज्ञा झाली. एका संताची मोजणी दुसऱ्याने पुढे न्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा याच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचना मिसळल्या, त्या याच रीतीतून. मग आठवल्यांचे एक पद तुकोबांच्या ओघात मिळाले तर बिघडले कुठे? उलट कोणत्याही कवीला याहून मोठा सन्मान कोणता?

या उत्तरात तथ्य आहे. पण ते पुरते नाही. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा उगाच पडलेली नाही. छापखाना नव्हता, कागद दुर्मीळ, आणि सालोमालोंना तोटा नव्हता. अशा वेळी शब्दाची जबाबदारी कोणाची, हे सांगणारी ती सही होती. संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी अभंग उतरवून ठेवले नसते, तर लोकांच्या ओठांवर जे राहिले त्यातले कोणते तुकोबांचे हे ठरवणे कठीण झाले असते. भक्ताने कर्तेपण विठ्ठलाला अर्पण करावे, ती त्याची थोरवी. ऐकणाऱ्याने मात्र कर्त्याचे नाव विसरावे, असा त्याचा अर्थ होत नाही. पहिले नम्रता आहे, दुसरे निष्काळजीपणा.

चित्रपटाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि परदेशातल्या महोत्सवात मान मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. दामले-फत्तेलालांनी त्याच वाटेवर १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ दिला. इतर भाषांनाही तुकोबांची ओढ लागली. १९३८ साली तमिळमध्ये मुसिरी सुब्रमण्य अय्यर या थोर कर्नाटक गायकांनी पडद्यावर तुकाराम उभा केला. १९६३ मध्ये कन्नडमध्ये राजकुमार यांनी आणि १९७३ मध्ये तेलुगूत अक्किनेनी नागेश्वरराव यांनी. बेळगावच्या आणि हैदराबादच्या मराठी कुटुंबांनी शेजाऱ्यांच्या भाषेतही आपला तुकोबा पाहिला, तो असा.

आपल्या गुजरातशी तर याचा धागा थेट जुळतो. तुकाराम म्हणून घराघरांत पोहोचलेल्या विष्णुपंत पागनीसांनाच विजय भट्ट यांनी १९४० च्या ‘नरसी भगत’मध्ये नरसिंह मेहतांच्या भूमिकेत घेतले. महाराष्ट्राचा तुकाराम आणि गुजरातचा नरसैंयो, दोघांचा पडद्यावरचा चेहरा एकच! मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरात दर्शन घेणाऱ्या आणि देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा पाहत वाढलेल्या बडोदेकराला यात आश्चर्य वाटणार नाही. आपल्या गावाने हे मिश्रण केव्हाच पचवले आहे.

पण याच गावात आपली भाषा कुठे उभी आहे, हेही पाहू. गायकवाडांबरोबर आलेल्या घरांची इथे दोन-अडीच शतके झाली. आजोबा मोडी वाचत, वडील देवनागरी वाचत, मुलगा मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो, आणि नातीला समजते तेवढी पुरे असे आपण म्हणू लागलो आहोत. घरातली भाषा अशी एकेक पायरी उतरते. आधी लिहिणे जाते, मग वाचणे, मग बोलणे. सगळ्यांत शेवटी जातात पाठ असलेल्या ओळी. आरत्या, श्लोक, एखादी ओवी, एखादे नाट्यपद आणि हे बीजाचे गाणे. ज्या घरात मराठी वर्तमानपत्र येणे कधीच थांबले, त्या घरातही या ओळी अचूक उच्चारांसह जिवंत आहेत. ‘एकले’मधला ‘ळे’ नव्हे तो ‘ले’, आणि ‘फळे’मधला ‘ळ’, हे नात आपोआप शिकते, कारण चाल तिला चुकू देत नाही.

म्हणूनच या ओळींकडे करमणूक म्हणून पाहून भागणार नाही. आपल्या पुढच्या पिढीच्या हाती मराठीचे जे मोजके दाणे उरणार आहेत, त्यांतला हा एक. शेतकरी बी राखून ठेवतो तेव्हा कोणते बी कोणत्या मडक्यात, हे त्याला ठाऊक असते. आपणही दाणा सांभाळताना त्याची ओळख सांभाळायला हवी. मुलाला ‘हे तुकारामाचे’ असे सांगून आपण थांबलो, तर त्याला एक नाव कळते, तेही चुकीचे. पण ‘तुकोबा साडेतीनशे वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाले. त्यांचे शब्द पुण्याच्या एका तरुण कवीच्या कानात इतके मुरले, की तो त्यांच्याच वळणाने लिहू शकला’ असे सांगितले, तर त्याला आणखी काही कळते. भाषा हा पूर्वजांनी कुलूपबंद करून ठेवलेला ठेवा नसतो. तिच्यात आजही नवे पेरता येते, आणि पेरलेले कसदार असेल तर ते जुन्याच्या शेजारी उभे राहते. पंचविशीतल्या आठवल्यांना जे जमले त्याची आशा बडोद्यातल्या पंचविशीतल्या कोणालाही धरता येईल. खरा कर्ता लपवला, तर ही आशाच आपण मुलांपासून लपवतो.

आठवल्यांनी पुढे ‘वहिनीच्या बांगड्या’, ‘शेवग्याच्या शेंगा’ यांसारखे चित्रपट दिग्दर्शित केले आणि प्रभातच्या दिवसांवर ‘प्रभातकाल’ हे पुस्तक लिहिले. १९७५ साली ते गेले. त्यांच्या सर्वांत लोकप्रिय ओळी दुसऱ्याच्या नावाने गायल्या जातात याचे त्यांना काय वाटत असेल, याचा तर्क आपण कशाला करावा? आपल्या हातात आहे तेवढे करू.

मंडळाकडे मागणे लहानसे आहे. या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक पदापुढे कवीचे आणि संगीतकाराचे नाव छापावे. जिथे अभंग तुकोबांचा आहे तिथे तुकोबांचे, जिथे आठवल्यांचा आहे तिथे आठवल्यांचे. आणि निवेदकांनी एवढेच म्हणावे: “गीत शांताराम आठवले, संगीत केशवराव भोळे, चित्रपट संत तुकाराम.” तीन नावे घ्यायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्यानंतर पेटीवर सूर लागू द्या. श्रोते पूर्वीसारखीच मान डोलावतील.